बाजूचं भोक

रोंडानं काउंटरवरच्या डब्यातली एक किल्ली उचलली, वडिलांचं रिव्हॉल्व्हर समोर आडवं ठेवलं आणि किल्ली लावायला भोक शोधू लागली. एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, चष्मा लावून पुन्हा पाहिली.

"ड्वाइट, कुठे लावायची रे ही?"

मी डाव्या अंगावर बोट ठेवलं. तिथलं भोक मीच बुजवलं होतं.

बंदुका बनवणाऱ्या कंपनीनं आपली जुन्या काळची नावाजलेली रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाजारात आणली, तेव्हा आमच्या केंटकीच्या या डोंगरात सगळ्यांना कोण आनंद झाला. तेच निळसर पोलाद, तीच अक्रोडाची मूठ. फक्त डाव्या अंगाला एक बारीक भोक होतं. त्यात किल्ली फिरवली की घोडा जाम, गोळी सुटत नाही. गेली वीस वर्षं माझ्या बंदुकांच्या दुकानात त्या भोकावर जेवढं बोललं गेलं, तेवढं चर्चमध्ये देवावर बोललं गेलं नसेल. रोज येऊन बसणारा लॉनी म्हणायचा, हे कंपनीला खटल्यांची भीती घालून वकिलांनी पाडलेलं भोक. कुणी म्हणायचं, ऐन वेळी कुलूप आपोआप लागतं. तसं स्वतः पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. पण मीही बोलायचो, सगळ्यांत जास्त मीच बोलायचो. मागच्या खोलीत मी कुलूप काढायचं, भोकात पोलादी बूच ठोकायचं आणि गिऱ्हाइकानं आपली किल्ली या कॉफीच्या डब्यात टाकायची. खण्ण वाजलं की बसलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी आमची रीत. किल्ल्या सगळ्या सारख्याच, कुठलीही कुठल्याही बंदुकीला लागते. रोंडाला ते ठाऊक होतं, म्हणून तर ती आली होती.

तिचे वडील एस्टिल कॉडिल अठ्ठावीस वर्षं शेरीफचे डेप्युटी, म्हणजे इथले पोलीस होते. अख्खं गाव त्यांना अजून साहेब म्हणतं. नोकरीतलं रिव्हॉल्व्हर निवृत्तीच्या दिवशी परत द्यावं लागलं, म्हणून त्यांनी हे नवं, हुबेहूब तसलंच घेतलं. भोक पाहून मात्र असं नाक मुरडलं, जसं काही ताटात झुरळ निघालं. मी ते फुकटात बुजवून दिलं. त्या दिवशी टाळ्या थांबेनात.

आता साहेबांचं डोकं जाग्यावर नसतं. संध्याकाळ झाली की घरात चोर दिसतात. मंगळवारी चोर म्हणून रोंडाच दिसली. ती बीन्सचं पातेलं घेऊन दारात उभी, आणि बाप तिच्यावर नेम धरून.

"हात वर कर म्हणाले, अगदी त्या ड्यूटीवरच्या आवाजात," ती म्हणाली. "मी पातेलं टाकलं आणि हात वर केले."

बंदूक काढून घेतली, तर ते अनवाणी रस्त्यावर शोधत फिरतात. गोळ्या काढल्या, तर हातात घेताच वजनावरून ओळखतात. कुलूप लावून उशाशी ठेवू द्यावी, एवढाच मार्ग तिच्यापुढे उरला होता.

लॉनी स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. त्याच्या जिभेला हाड नाहीच. चांगल्या बंदुकीची वाट लावण्यापेक्षा म्हाताऱ्याला कुठे तरी नेऊन ठेवा, म्हणाला. शी! मला त्याच्या तोंडाची किळस आली. मग लक्षात आलं, असलं बोलायला तो याच काउंटरवर शिकला, आणि शिकवणारा मी. मी त्याला ऊठ म्हणालो. तो कॉफी तशीच टाकून गेला. मी तो किल्ल्यांचा डबा उचलून काउंटरखाली ढकलला.

रोंडानं बाहेर गाडीत बसवलेल्या साहेबांना आत आणलं. सकाळची वेळ, डोकं जाग्यावर होतं; त्यांनी मला नावानं हाक मारली आणि बंदूक माझ्याकडे सरकवली.

"ड्वाइट, बूच काढ. कुलूप परत बसव."

"साहेब, चूक माझी..."

"पोरीवर धरली मी. मला आठवत नाही, पण ती खोटं बोलत नाही."

काढलेली कुलपं मी फेकत नाही, बरणीत पडलेली असतात. तासभर लागला. बूच निघता निघेना, इतकं घट्ट बसवलं होतं मी. शेवटी किल्ली फिरवली आणि रिकामी बंदूक त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती जमिनीकडे धरून चाप दाबला, पुन्हा दाबला. घोडा हलला नाही. त्यांनी मान डोलावली आणि किल्ली स्वतःच्या हातानं लेकीच्या मुठीत ठेवली. तिनं ती गळ्यातल्या साखळीत ओवली आणि गाडी दाराशी आणायला गेली.

साहेब खिडकीच्या उजेडात बंदूक न्याहाळत उभे राहिले. जरा वेळानं माझ्याकडे वळले, तेव्हा त्यांच्या नजरेत माझी ओळख उरली नव्हती.

"काय सुरेख वस्तू आहे," ते म्हणाले. मग त्यांनी ती उलटी केली, डावी बाजू पाहिली आणि नाक मुरडलं. "पण हे भोक कुठल्या गाढवानं पाडलं?"

"मी, साहेब," मी म्हणालो, आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.