खाडी मोकळी झाली

नव्या जातीची ती युद्धनौका धक्क्याला लागली, तेव्हा दादाने नाक मुरडलं. चपटी, वेगवान, आणि मधोमध रिकामं पोट. काम असेल तसा डबा त्या पोटात बसवायचा. कधी क्षेपणास्त्रांचा, कधी दवाखान्याचा.

"आज तोफ, उद्या पिठाची गिरणी बसवाल," होडीला रंग देता देता तो धाकट्या बहिणीला म्हणाला. ती त्याच नौकेची कप्तान होती.

"गिरणीही बसेल. सध्या सुरुंग शोधायचा डबा बसवतोय."

दादाचा हात थांबला. गावापुढची खाडी जुन्या लढाईपासून बंद होती. तेव्हा नौदलाने पाण्याखाली पेरलेल्या सुरुंगाने त्यांच्या वडिलांना होडीसकट नेलं होतं. पुढे बहीण नौदलात शिरली, तेव्हा "बापाला खाल्लं त्यांचीच चाकरी करतेस," असं दादा बोलून गेला होता. तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

क्रेनने एक डबा उचलला, दुसरा अलगद आत सोडला. दुपारी नौका खाडीच्या तोंडाशी होती. इतक्या उथळ पाण्यात मोठं जहाज शिरलंच नसतं. नौकेतून सोडलेलं यंत्र तळ चाचपायचं. सुरुंग सापडला की दुरूनच उडवायचे. धमाका झाला की वहिनी दारात यायची. दादा मात्र पाठ फिरवून बसायचा.

काम उरकल्यावर बहीण घरी आली. "खाडी साफ झाली, दादा."

"कोण म्हणतं? यंत्र?"

"यंत्र म्हणतं, आणि मीही म्हणते. तुझी होडी काढ. मी पुढे बसते."

दादा जागचा हलेना. शेवटी वहिनीच म्हणाली, "जा की. तिला काय स्वतःचा जीव जड झालाय?"

खाडीच्या मध्यावर दादाने इंजिन बंद केलं. "बाबा इथेच गेले," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे. इथला तळ मी दोनदा तपासून घेतला."

दादाने होडीच्या कडेवरून वाकून पाण्याला हात लावला. मग उपरण्याने डोळे पुसले आणि जाळं टाकलं. वर ओढताना ते एकट्याला आवरेना.

"बघत काय बसलीस? कप्तान असशील तिकडे. इथे दोर धर."

तिने हसत दोर धरला. दुसऱ्या दिवशी गावातल्या बाकीच्या होड्याही लांबचा वळसा न घेता सरळ खाडीतून निघाल्या.