उंच माणसं आणि आमचे पलंग

"मावशी, रात्री झोपताना तुम्ही पाय कुठे ठेवता?"

हा प्रश्न मी विचारला. मी! वर्गात शेवटच्या बाकावर पाठीची कमान करून बसणारी, हजेरीला 'हजर'सुद्धा पुटपुटणारी मी. आणि विचारला कुणाला, तर उंच माणसांच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंना. त्या सहा फूट तीन इंच आहेत. चाळीस उंच माणसांचं वार्षिक संमेलन घेऊन त्या शनिवारी दुपारी आमच्या हॉटेलात उतरल्या होत्या.

दोष टकळीचा. टकळी आणि चष्मिस या माझ्या वर्गातल्या. पाहुण्यांच्या गळ्यात बिल्ले घालायला म्हणून मी त्यांना बोलावलं होतं. पहिल्या पाहुण्याच्या गळ्यापर्यंत टकळीचा हात पोचेना, तेव्हा तिने सरळ स्टूल ओढलं आणि त्यावर उभी राहिली. वर म्हणते कशी, "शिडे, आज तू यांच्यात हरवलीस तर सापडायची नाहीस." शिडी म्हणजे मी. पाच फूट साडेनऊ इंच, वय पंधरा. मग तिने पैज लावली, "अध्यक्षबाईंना विचारून दाखव की झोपताना पाय कुठे ठेवता. नाही विचारलंस तर महिनाभर माझं दप्तर तू उचलायचं." टकळीचं दप्तर म्हणजे दगडांचं पोतं. विचारलं मी.

आता खरं सांगते, दप्तराची भीती हे निमित्त होतं. पाहुणे आल्यापासून मला काहीतरी झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांच्या गर्दीत मान वर करून बोलत होते. एका आजोबांनी तर माझ्या डोक्यावर टपली मारून "काय गं छोटी, चहा कुठे मिळेल?" असं विचारलं. छोटी! मला! मी त्यांना चहा कुठे मिळतो ते सांगायचंच विसरले.

आधी थोडं आमच्याबद्दल. आमचं हॉटेल नदीला चिकटून, जुन्या दगडी पुलाच्या बगलेत आहे. चारशे वर्षांपूर्वी इथे होड्यांतून येणाऱ्या मालाची जकात घ्यायचे. भिंती इतक्या जाड की फोनला रेंज मिळवायला खिडकीत बसावं लागतं, आणि दारं इतकी बुटकी की त्या काळची माणसं ठेंगणी होती की सुताराचं लाकूड संपलं होतं, यावर आईबाबांचा अजून वाद आहे. आई पाच फूट एक, बाबा पाच फूट तीन. त्यांच्या पोटी मी. आमच्या घराण्यात उंच म्हणून फक्त एक चुलत पणजोबा होते, आणि फोटोत तेही स्टुलावर उभे असावेत असा आईला दाट संशय आहे.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता माझी एका मोठ्या डॉक्टरांकडे वेळ होती. हाडांचा फोटो काढायचा, आणि मग उंची थांबवायचं औषध द्यायचं की नाही ते ठरवायचं. हे आईच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं हं. मीच मागे लागले होते. दोन महिने. रडून, रुसून, जेवण टाकून. आई म्हणत होती, "अगं, काय बिघडलंय उंचीने?" बाबा म्हणत होते, "वाढत्या झाडाला कुणी म्हणतं का, बस कर?" पण शेवटी माझं रडणं त्यांना बघवलं नाही. तीन महिन्यांनंतरची वेळ मिळत होती, ती बाबांनी चार फोन करून अलीकडे आणली होती. सोमवारची.

तर, प्रश्न. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. टकळी स्टुलावरून उतरून चष्मिसच्या मागे लपली. मला वाटलं, संपलं, आता बाई बाबांना बोलावणार.

बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत लोकांनी मला वरची हवा कशी आहे ते विचारलं, बल्ब बदलून देता का विचारलं. पायांची चौकशी करणारी तू पहिलीच. चल, दाखवते."

आणि मला घेऊन त्या खोली नंबर सातमध्ये गेल्या. दारात आईने वरच्या चौकटीला निळी उशी शिवून बांधली होती. वीसच्या वीस खोल्यांना तशा उशा होत्या, आई आठवडाभर दाभण घेऊन बसली होती. बाई त्या उशीला डोकं लावून हसल्या. "हे ज्याने केलं त्याला उंच माणूस माहीत आहे," म्हणाल्या.

मग चपला काढून पलंगावर आडव्या झाल्या. आमचे पलंग जुने, जाड लाकडाचे, उशाला एक फळी आणि पायथ्याला एक. दोन्ही फळ्यांमध्ये पाच फूट आठ इंच. बाईंचे गुडघे उंटासारखे वर आले. पाय सरळ केले तर पोटऱ्या पायथ्याच्या फळीवर चढल्या आणि पावलं हवेत लोंबायला लागली.

"इथे ठेवते," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "आणि सकाळी पायांना मुंग्या. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण पाय काही परत आत घेता येत नाहीत, बाळा."

मी हसले नाही. कारण मला माहीत होतं. माझ्या खोलीतला पलंग असाच आहे. मी एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपते. दोन वर्षं.

"माझंही असंच होतं," मी म्हटलं.

बाई उठून बसल्या. "मग घरी सांगितलं नाहीस?"

काय सांगणार होते? सांगितलं असतं तर नवा पलंग आला असता. मोठा पलंग घरात आला की सगळ्यांना दिसतं की घरात कुणीतरी मोठं आहे.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "मी उगाच तोंड वाकडं करणारी नाही. पण या मंडळात पाठीची दुखणी असलेले निम्मे आहेत. रात्री असे पलंग असतील तर मला जेवणाआधी सगळ्यांना पुलापलीकडच्या त्या मोठ्या काचेच्या हॉटेलात हलवावं लागेल. तुझ्या बाबांना बोलवतेस?"

बाबा आले. त्यांच्या हातात त्यांची वही होती. आमच्या हॉटेलची एक रीत आहे, आजोबांपासूनची: कुठलाही मोठा गट येणार असला की मालकाने प्रत्येक पलंगावर स्वतः झोपून बघायचं आणि वहीत शेरा लिहायचा. बाबांनी या संमेलनासाठी चाळीसच्या चाळीस पलंगांवर दुपारची झोप काढली होती. दहा दिवस, रोज चार. वहीत सगळीकडे एकच शेरा होता: ऐसपैस.

"पण मी झोपून पाहिलंय!" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता.

"तुमची उंची किती?" बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं.

बाबांनी पलंगाकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. मग वहीकडे. "अरे देवा," म्हणाले.

तेवढ्यात आई धावत आली. तिला झालेलं सांगितलं, तर ती कपाळावर हात मारून माझ्याकडे वळली. "दारं मी केली, कारण तुझी टेंगळं मला रोज दिसतात. पायांचं कसं कळणार गं मला? तू तर गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपतेस!"

ते वाक्य मला चपराकीसारखं लागलं. आई रागावली नव्हती, तरीही. चाळीस माणसांचे पाय आज लोंबणार होते, कारण मी माझे लपवले होते.

आणि मग, विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, मी हुकूम सोडायला लागले.

"बाबा, सुतारकाकांना बोलवा. फळी पाचरीवर बसवलीय, ठोकली की निघते. मला माहितेय, कारण मी माझ्या पलंगाची एकदा काढायला गेले होते आणि घाबरून परत बसवली. आई, नदीकडच्या सज्जातली चहाची स्टुलं किती आहेत?"

"बेचाळीस. का?"

"उंची?"

आईला स्टुलाची उंची विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारणं. "पंधरा इंच. वर तीन इंचांची गादी."

"आणि पलंग?"

"अठ..." आई थांबली. "अठरा! अगं बाई!"

सुतारकाका आले ते बडबडतच. "चाळीस पलंग? जेवणाआधी? पोरी, मला काय चार हात आहेत?" पण दारातून एक एक करून उंच माणसं आत डोकवायला लागली होती आणि त्यांच्यातले तिघे तर स्वतःच सुतारकाम करणारे निघाले. त्यातला एक जण फळी उचलताना म्हणाला, "गेली पंचवीस वर्षं मला एखाद्या पलंगाचा सूड घ्यायचा होता." मग काय विचारता! ठकठक, ठकठक, नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. टकळी आणि चष्मिस स्टुलं वाहत होत्या. टकळी जिन्यात धापा टाकत मला म्हणाली, "पैज तू जिंकलीस, आणि ओझी मी उचलतेय. हा कुठला न्याय?"

"पुढच्या वेळी सोपा प्रश्न दे," मी म्हटलं.

फळीच्या जागी स्टूल लावलं, गादी जुळवली, वर चादर घट्ट ओढली की झालं. पण झालं म्हणायचं कुणी? बाबांनी सवयीने चपला काढल्या, पलंगावर चढायला गेले आणि थांबले. मग वही माझ्या हातात दिली.

"तू झोपून बघ," म्हणाले.

मी चाळीस पलंगांवर झोपले. एकेकावर अर्धा मिनिट, पाय सरळ. अगदी सरळ! टाच गादीवर टेकली की अंगातून काहीतरी सैल होऊन जायचं, कसं सांगू. बारा नंबरचं स्टूल डुगडुगत होतं, अठरामध्ये दोन गाद्यांत खाच पडत होती, ते मी लिहिलं आणि काकांनी नीट केलं. बाकी शेरे मी माझ्या भाषेत दिले. बाबांच्या वहीत आता चार ठिकाणी 'मस्त' आणि एका ठिकाणी 'आईशप्पथ' असं लिहिलेलं आहे.

कुणी पुलापलीकडे गेलं नाही. रविवारी सकाळी नाश्त्याला सगळे इतके ताजेतवाने आले की स्वयंपाकघरातला ब्रेड दोनदा आणावा लागला.

निघायच्या आधी त्यांचा एक कार्यक्रम असतो. एक जुनी लाकडी पट्टी भिंतीला टेकवतात आणि नव्या सभासदाला तिच्यासमोर उभं करतात. बाईंनी मला हाक मारली. "ये गं छोटे." मी टाचा भिंतीला लावल्या, पाठ लावली, डोकं लावलं. दोन वर्षांत मी कुठे इतकी सरळ उभी राहिले नव्हते. बाईंनी पट्टीवर बोट ठेवलं.

"पाच फूट साडेनऊ. बायकांना आमच्यात पाच फूट अकरा लागतात." त्यांनी खिशातून बिल्ला काढला होता, तो परत खिशात टाकला. "दीड इंच कमी पडलीस. ठेवते तुझ्यासाठी. पुढच्या वर्षी इथेच येणार आहोत."

चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. कमी पडल्याबद्दल टाळ्या मिळालेली जगातली मी एकटीच असेन.

बस गेली. आई दारांवरच्या उशा सोडायला निघाली, तर बाबा म्हणाले, "राहू दे, घरातही एक डोकं आहेच." मग आईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "शाळेसाठी चिठ्ठी लिहून ठेवते. उद्या दहाला पोचायचं तर नऊला निघावं लागेल."

बाबांनी मान हलवली. माझ्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं. दोघंही मुद्दाम बघत नव्हते, हे मला कळलं.

"आई, बाबा," मी म्हटलं, आणि मुद्दाम टेबलाला न टेकता उभी राहिले. "डॉक्टरांना फोन करा, मी उद्या येणार नाही. त्याऐवजी सुतारकाकांना पाठवा, माझ्याही पलंगाची फळी काढायचीय. मी ठरवलंय. मला अजून दीड इंच हवाय."