लंगड्या नायिकेचा शेवट

चित्रपट कंपनीच्या मालकांना नव्या चित्रपटाचा शेवट बदलून हवा होता, तोही तीन दिवसांत.

"नायिका लंगडी आहे, चालेल," ते लेखकाला म्हणाले. "पण नायकानं शेवटी तिच्याशीच संसार थाटायचा? लोक खुर्च्या मोडतील. तिला जीव देऊ दे त्याच्यासाठी. अख्खं थिएटर रडलं पाहिजे."

लेखकाने मान डोलावली. दोन दिवसांत शेवट लिहून त्याने कागद ताईपुढे ठेवले.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय गेला आणि काखेत कुबडी आली. आईवडील गेल्यावर विमा कचेरीत टायपिस्टची नोकरी करून तिनेच भावाला शिकवलं. त्याची प्रत्येक पटकथा तीच टाइप करायची. ही नायिका कुबडी भिंतीला टेकवून एका पायावर कपडे वाळत घालायची, चिडली की कुबडीनेच दार लोटायची. हे सगळं त्याने ताईचंच उचललं होतं.

ताईने शेवट टाइप केला. एकही चूक नाही. कागद जुळवत तिने विचारलं, "ही का मरते रे?"

"नायकाच्या वाटेतून दूर होते."

"वाटेत कधी आली होती? तोच तर रोज तिच्या दारात यायचा."

"ताई, सिनेमा आहे. लोकांना असंच लागतं."

"बरं," ती म्हणाली आणि यंत्रावर झाकण घातलं.

चित्रपट तुफान चालला. नायिकेने पुलावरून उडी घेतली तेव्हा अंधारात हुंदके फुटले. मागच्या रांगेतली एक बाई नाक पुसत म्हणाली, "सुटली बिचारी. त्याचाही मार्ग मोकळा झाला." भावाशेजारी बसलेली ताई समोर बघत राहिली. बाहेर पडताना गर्दीने तिला वाट करून दिली, आणि तिच्या कुबडीकडे पाहून कुणीकुणी पुन्हा डोळे पुसले.

ताईच्या कचेरीतला रोखपाल, एक विधुर गृहस्थ, दोन वर्षं दर रविवारी घरी यायचा. लग्न ठरल्यातच जमा होतं. त्या महिन्यात तो फिरकला नाही. मग एका संध्याकाळी आला आणि उभ्याउभ्याच बोलला. "आईनं सिनेमा पाहिला. म्हणते, अशा माणसांचं मन दुखरं असतं. उद्या हिनंही तसंच काही केलं तर?"

"आणि तुम्ही काय म्हणता?" ताईने विचारलं.

त्याने चपला पायात सरकवल्या. मग निघून गेला.

"मी मालकांकडे जातो," लेखक म्हणाला. "शेवट बदलायला लावतो."

"पाहणाऱ्यांनी पाहिला तो," ताई म्हणाली. "मी मरावं असं तुला वाटत नाही, ठाऊक आहे मला. पण लिहिलंस तू. आणि ती नटी संध्याकाळी कुबडी ठेवून दोन पायांनी घरी गेली. आमच्यातल्या एकीलाही कुणी विचारलं नाही. पडद्यावर आम्ही एक तर बऱ्या होतो, नाहीतर मरतो. मधली चाळीस वर्षं आम्ही जगतो रे. ती कोण दाखवणार?"

आई गेली तेव्हाही न रडलेली ताई त्या दिवशी रडली.

मालकांना पुढच्या चित्रपटात आंधळी मुलगी मारायची होती. लेखक म्हणाला, "माझ्या पटकथेतली मुलगी जगेल. आणि ते काम आंधळ्या मुलीलाच द्यायचं." मालकांनी दुसरा लेखक गाठला. याची पटकथा दोन वर्षं दारोदार फिरली. शेवटी एका लहान निर्मात्याने तिच्यावर सिनेमा काढला, अंध मुलीलाच घेऊन. चित्रपट जेमतेम दोन आठवडे टिकला. रोखपालाने तोवर दुसरीकडे लग्न केलं होतं.

वाचकहो, पडद्यावरच्या पांगळ्या माणसाच्या मरणाला आपण खुशाल रडतो, आणि रडलो म्हणून स्वतःला दयाळू समजतो. पण ती दया शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ऐकू जाते. त्याला आपले अश्रू नको आहेत. आपल्यासारखंच, आपल्यात, शेवटपर्यंत जगता यावं, एवढंच त्याचं मागणं आहे. लेखकाला ते कळलं. कळायला त्याच्या बहिणीचा संसार खर्ची पडला.