कोनाड्यातला पेला

डॉक्टर हरिहर ख्रिस्ती झाले तेव्हा कल्याणात त्यांच्या वडिलांनी जिवंत मुलाच्या नावानं घट फोडून आंघोळ केली होती. ते दुःख हरिहर चारचौघांत अगदी घोळवून सांगत. आपल्याच माणसांनी आपल्याला पाण्यापुरतंही जवळ केलं नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत. एवढं सोसलेला माणूस दुसऱ्याला तेच करील, असं कुणाला वाटेल? पण हरिहरांनी ते केलं, आणि तेही प्रार्थना करता करता केलं.

ठाण्यात मासुंदा तळ्याजवळ त्यांचं घर होतं. तिथे दर रविवारी दुपारी ख्रिस्ती डॉक्टरांची मंडळी जमे. मंडळी म्हणजे तिघंच: हरिहर, त्यांचे जुने स्नेही मधुसूदन, आणि कल्याणात दवाखाना चालवणारे दौलत. रीत अशी, की आपापल्या रोग्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची, मग पाव मोडायचा आणि द्राक्षारसाचा एकच चांदीचा पेला हातोहात फिरवायचा. दौलत आंबिवलीच्या महारवाड्यातून आलेले. शिकले मात्र हरिहरांच्याच कॉलेजात, आणि परीक्षेत त्यांच्या पुढे होते. हरिहरांना दोन्ही गोष्टी खुपत. पेला दौलतांच्या आधी आपल्या ओठांना लागेल, अशी खुर्ची त्यांनी कायमची धरून ठेवली होती.

मग प्लेग आला आणि हरिहरांचं चांगलंच फावलं.

"रोगराईचे दिवस आहेत," ते म्हणाले, "प्रत्येकाचा पेला वेगळा असावा. मनाला लावून घेऊ नकोस, दौलत. तू डॉक्टर आहेस, तुला कळतंय." मधुसूदनांना ते 'तुम्ही' म्हणत.

पेले विसळून झाल्यावर हरिहरांच्या पत्नीनं, सुमतीबाईंनी, दोन पेले एकात एक घालून कपाटात ठेवले आणि तिसरा मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात पालथा घातला. ते दौलतांनी पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं हे हरिहरांच्या लक्षात आलं. खरं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण गृहस्थाला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

पुढे एका रविवारी हरिहरांची धाकटी सरोज तापानं निजून होती. पडसं असेल, असं ते म्हणत राहिले. जगाचे पेले वेगळे करणाऱ्या या माणसानं पोटच्या पोरीचा घसा उजेडात नेऊन पाहिला नव्हता. प्रार्थना चालू असतानाच आतून सुमतीबाईंची किंकाळी आली. तिघंही धावले. पोर निळी पडली होती आणि घशात राखाडी पडदा धरला होता. घटसर्प.

"गळ्याला छेद द्यायला हवा," मधुसूदन म्हणाले.

हरिहरांनी सुरी उचलली, पण पोरीच्या गळ्यावर ती टेकवेना. दौलतांनी न विचारता ती त्यांच्या हातून काढून घेतली. छेद झाला, श्वासाची नळी बसली, आणि लगेच तुंबली. पीस घालून पाहिलं, तरी मोकळी होईना. सरोजची छाती हलायची थांबली.

तेव्हा दौलत वाकले आणि त्यांनी नळीला तोंड लावलं.

"थांब!" हरिहर ओरडले.

दौलतांच्या जिवाच्या काळजीनं ओरडलो, असं पुढे ते सांगत. साफ खोटं. नळीतली ती घाण तोंडानं ओढताना रोग लागून डॉक्टर दगावतात हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या क्षणी ते मनात आलंच नाही. माझ्या मुलीला याचं तोंड, एवढंच आलं. पोर मरत होती आणि बापाला विटाळ आठवला!

दौलतांनी ऐकलं नाही. त्यांनी ओढलं, थुंकले, पुन्हा ओढलं. नळीतून हवा सुसाट आत गेली. सरोजच्या ओठांवर हळूहळू रंग परतला, तशा सुमतीबाई भुईवर बसून रडू लागल्या.

हरिहर कपाटाकडे गेले. त्यांनी जुना चांदीचा पेला काढला, पाण्यानं भरला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"दौलतराव, आधी तुम्ही घ्या. मग मी घेतो, याच पेल्यातून."

इतकं मनापासून ते आजवर प्रार्थनेतही बोलले नव्हते.

"नको," दौलत म्हणाले. ते मागच्या दाराशी गेले, कोनाड्यातला आपला पेला घेऊन त्यांनी चुळा भरल्या आणि तो पेला आपल्या पिशवीत टाकला. "मधुसूदन, नळीपाशी तुम्ही बसा. ती तुंबू देऊ नका."

हरिहर पेला धरून तसेच उभे होते.

"डॉक्टर, इतके दिवस माझा पेला वेगळा ठेवायचं काही कारण नव्हतं," दौलत म्हणाले. "आता आहे."

उंबऱ्यापाशी ते क्षणभर थांबले.

"पुढच्या रविवारी मी नसेन. रोग्यांची नावं घ्याल, त्यात माझंही घ्या. तुमच्यानं घेववलं तर."