हरभऱ्यातले केस

रोह्याची, म्हंजे नीलगायीची, मले किळस येते. लोक म्हणतात, देखणं जनावर हाय. असन देखणं, पण खाते कमी अन् तुडवते जास्त, वरून रोज एकाच जागी लेंड्याचा ढीग लावून जाते. यंदाचं सोयाबीन त्यायनंच फस्त केलं. उरला होता एक हरभरा. तो गेला असता त साल कोरडंच जात होतं.

शेजारच्या वावरातला मन्सूरभाऊ म्हणे, "वहिनी, सडक्या अंड्याचं पाणी फवारा, रोही बांधालेबी येत नाही." त्याच्याकडं खरंच येत नव्हते. पण आमचे मालक, भगवानराव, माळकरी. "अंडं माह्या वावरात? गळ्यात माळ हाय माह्या," म्हणे. अन् बाभुळगावच्या सलूनातून केसाचं पोतं घेऊन आले. माणसाच्या वासाले रोही भेते म्हणे.

पोतं सोडलं त म्या नाकाले पदर लावला. काळे, पांढरे, मेंदीनं लाल झालेले, साबणाच्या फेसात चिकटून वाळलेले केस.

"अंडं चालत नाही, अन् गावभरच्या दाढ्या चालतात काय?" म्या म्हटलं.

त्यायनं पोतं बांधापर्यंत ओढून नेलं. बांधावर मुठीमुठीनं टाकले मात्र मीच.

दुपारी वारं सुटलं. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, आंबट अन् चिकट. थंडीत मी रात्री पाल्यावर फडकं पसरवते अन् सकाळी पिळून ती आंब धरून ठेवते, पोटदुखीले कामी येते. दुसऱ्या दिवशी फडकं उचललं त त्याले केसच केस. बांधाकडच्या साऱ्या झाडायले केस चिकटले होते. शी, ते फडकं म्या तिथंच फेकून देल्लं.

परवा उजाडता गेली त वावरात रोह्याचा कळप. केसाची झाडं ओलांडून मधातला चांगला हरभरा आरामात खाऊन राह्यले होते. एकानंबी केसाले तोंड लावलं नाही. आम्ही हाकलेपर्यंत मधात नुसते खुंट उरले.

"बांधाकडचा त वाचला," भगवानराव म्हणे.

तोच पाला म्या खुडला, चारदा धुतला, भाजी केली अन् भाकरीसंग त्यायच्यापुढं ठेवली. दुसऱ्याच घासाले त्यायनं दातातून एक लांब लाल केस ओढला. ताट सारलं, चूळ भरली, लय वेळ माळ चाचपत बसले.

"मन्सूरले विचार बरं," म्हणे, "अंड्याचं पाणी उरलं हाय काय."

"आता कायले?" म्या म्हटलं. "राखाले केसच त उरले."