पुलाच्या अलीकडे

टेबलाच्या काचेवर काहीतरी थरथरलं आणि आम्ही दोघी एकदमच धावलो. सासूबाईंच्या हातात भाजी चिरायची सुरी तशीच होती. फोन निपचित पडला होता. थरथरत होता तो शेजारचा गेमचा कंट्रोलर. माझ्या लेकीने, भिंगरीने, टीव्हीखालचं यंत्र चालू केलं होतं.

"मला बाबाचा गेम शिकव," ती म्हणाली. "बाबा येईपर्यंत मला आला पाहिजे."

सासूबाई स्वयंपाकघरात परत गेल्या.

त्याच सकाळी कंपनीच्या ऑफिसातून फोन आला होता. जहाज वादळात शिरल्यापासून संपर्क तुटलाय. "घाबरू नका, काही कळलं की लगेच कळवतो," असं तो माणूस इतक्या पाठ केलेल्या आवाजात म्हणाला, की मी घाबरले. माझा नवरा त्या जहाजावर इंजिन सांभाळतो. लेकीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघीही एकमेकींशी त्यावर बोलत नव्हतो. नुसता फोन चार्जिंगला लावत होतो, भरलेला असला तरी.

म्हणून मी लेकीच्या शेजारी जमिनीवर बसले. तेवढंच डोक्याला दुसरं काही.

'काजळवाट' या मालिकेचे चार भाग आहेत. लग्नाआधीपासून आम्ही दोघं ते खेळत आलो. अंधार एकेक गाव गिळत चाललाय आणि आपण किल्ल्या-किल्ल्यावर आग पोचवायची, एवढीच गोष्ट. पण वाटेत माणसं भेटतात, आणि खरा खेळ त्यांच्याशी बोलण्यात असतो.

"घाई करायची नाही," मी भिंगरीला सांगितलं. "प्रत्येकाशी बोलायचं. इथे तू काय बोललीस ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. पहिल्या भागात कुणाला टाकून बोललीस, तर तो चौथ्या भागात दार उघडणार नाही."

"म्हणजे माझ्या नणंदेसारखं," दारातून सासूबाई म्हणाल्या. त्या कधी आल्या ते कळलंच नाही. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या त्या डोळ्यांनी त्यांनी पडद्यावरची लढवय्यी न्याहाळली. "आणि हे काय? अंगावर एवढं लोखंड आणि पोट उघडं? कुणी बेतलंय हे?"

भिंगरी खो-खो हसली. मीही हसले. मग माझं मलाच कसंतरी झालं.

गेममधला पहिला सोबती भेटला तो मशालजी. उंच, जरा पोक काढलेला, हातात जळती मशाल. त्याला नाव आपण द्यायचं असतं.

"काय ठेवायचं गं याचं नाव?" मी विचारलं आणि विचारता विचारताच जीभ चावली. कारण पुढचं उत्तर मला ऐकू आलंच होतं.

"बाबा."

चारही भाग खेळलेल्या प्रत्येकाला मशालजीचं काय होतं ते माहीत असतं. पहिल्या भागाच्या शेवटी दोरांचा पूल येतो. मागून अंधार येत असतो. मशालजी म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. आपण धावत पूल ओलांडतो, आणि मागे वळून बघतो तेव्हा पूलही नसतो आणि मशालही.

"दुसरं काही ठेवूया ना," मी म्हटलं. "शूरसिंग? वाघोबा?"

"वाघोबा काय, आई! किती बावळट नाव आहे. बाबाच."

नाही म्हणायला कारण काय देणार होते? मी अक्षरं जुळवली. मशालजीच्या डोक्यावर ते नाव तरंगायला लागलं.

त्यानंतर मी लेकीला पुलाकडे जाऊच देईना. हरवलेली शेळी शोधायला पाठवलं. औषधी पाला गोळा करायला लावला. नदीकाठच्या म्हातारीचं जातं दुरुस्त करवून घेतलं. शाळा सुटली की ती धावत यायची आणि मी नवं काम हाताशी तयार ठेवायची. फोन वाजायचा, पण भलत्यांचाच. दूधवाला, गॅसवाला, कर्ज हवंय का विचारणारी कुणी मुलगी. तिच्यावर तर मी इतकी ओरडले, की नंतर वाईट वाटलं.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. कपड्यांच्या घड्या घालताना त्यांनी मला गाठलंच.

"त्या पोरीला तू गोल गोल का फिरवतेयस?"

मी पुढचा कपडा घडीला घेतला.

"तो मशालवाला मरतो ना गं?"

"हो."

त्यांनी हातातला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. माझ्या नवऱ्याचा सदरा होता. "वाचवायची काही सोय?"

"तुमचा मुलगा म्हणतो, आहे."

"मग विचारायचं नाही होय?"

"विचारलं होतं. मला म्हणाला, तुला नाही सांगणार, तुझी घाई बघता तुला जमायचं नाही. मला वाटलं, चिडवतोय."

"चिडवतच असेल," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून खोडसाळच आहे." आणि तो सदरा कपाटात सगळ्यांत वर ठेवला, घालायला लगेच हाताशी येईल असा.

आज दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून वाऱ्याचा आवाज आला. बाहेर तर पान हलत नव्हतं. तो वारा मी कुठेही ओळखला असता. ओला टॉवेल हातात घेऊन मी तशीच आत पळाले.

भिंगरी पुलाशी पोचली होती. एकटीच, माझ्याशिवाय. पडद्याच्या मागच्या कडेने काळं काहीतरी जमिनीवरून सरकत होतं. मशालजी वळला. खाली अक्षरं उमटली.

"काय म्हणतोय बाबा?" तिने विचारलं.

मी वाचलं. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

"हां, माहितीय!" भिंगरी फणकारली. "बाबा नेहमी असंच म्हणतो आणि मग किती उशीर करतो. मी नाही जाणार."

तिने कंट्रोलर जमिनीवर ठेवला आणि मांडी घालून बसली. एका जागी कधी न टिकणारी माझी पोर, हाताची घडी घालून बसली.

मी वाट बघत राहिले, आता तो अंधार झडप घालेल. इतक्या वेळा मी हा पूल ओलांडला, पण इथे थांबून कधी पाहिलंच नव्हतं. तिथे पोचले की धावायचं, एवढंच मला ठाऊक होतं. नवरा शेजारी बसून हसायचा. तुझी घाई बघता, म्हणायचा.

अंधार सरकत होता, पण अगदी हळू. मशालजी उभाच होता. पूल हलत होता, पण होता. फक्त मशालीची ज्योत मघापेक्षा बारीक झाल्यासारखी वाटली. की मलाच तसं दिसलं?

सासूबाई ओले हात पदराला पुसत आल्या. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गुडघे धरत नातीच्या पलीकडे बसल्या. येताना त्यांनी फोन आणला होता. तो त्यांनी आम्हा तिघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

टॉवेलातून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

भिंगरीने माझ्या मांडीवर डोकं टेकलं. नजर त्या ज्योतीवरच होती.

"आई," ती म्हणाली, "किती वेळ थांबायचं?"