पांढऱ्या रंगातला नंबर

हिंदुरावची दाढी अर्धीच झाली होती, तेवढ्यात फोन वाजला. न्हाव्याला हातानेच थांबवून त्याने फोन कोरड्या कानाला लावला.

"चाचा, कट गई," पलीकडून जेसीबीवाला इरशाद म्हणाला. "नाले की खुदाई में. मैंने मशीन बंद कर दी है. मिट्टी नहीं डाली. आप आ जाओ."

हिंदुराव तसाच उठला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, अशा अवतारात त्याने मोपेडला किक मारली. फौजेत सिग्नलच्या तारा ओढण्यात उमेदीची वर्षं घालवलेला हा हवालदार दाढी केल्याशिवाय कधी दारात दूध घ्यायलासुद्धा आला नव्हता. त्या दिवशी अख्ख्या मेरठ रोडने त्याला तसा पाहिला.

फौजेतून सुटल्यावर साताऱ्याकडे परत जायचं, ते तो गाझियाबादेतच राहिला. आधी लेकीची शाळा म्हणून, मग तिचं कॉलेज म्हणून, आणि ती लग्न होऊन गेल्यावर नुसतीच सवय म्हणून. एका ठेकेदार कंपनीने त्याला जमिनीखालच्या फायबर केबलच्या राखणीला ठेवलं होतं. आपल्या हद्दीत रोज चक्कर मारायची आणि कुठे खोदकाम दिसलं की आडवं जायचं. आणि या शहरात खोदकाम कुठे नसतं? आज पाण्याचं, उद्या गॅसचं, परवा नाल्याचं. पहिल्या तिघांनी खोदलेलं बुजवेपर्यंत चौथा हजर.

बाकीचे राखणदार ड्रायव्हरांवर खेकसायचे. म्हणून केबल तुटली की ड्रायव्हर वर माती ढकलून पोबारा करायचे, आणि कुठे तुटली हे शोधण्यातच दिवस मावळायचा. हिंदुरावची तऱ्हा वेगळी. तो आधी चहा पाजायचा. मग मोपेडच्या डिकीतून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश काढून मशीनच्या दारावर स्वतःचा नंबर रंगवायचा आणि वर लिहायचा, 'खोदने से पहले फोन करो'. शेवटी शब्द द्यायचा, "फिर भी कट गई तो भागना मत. मुझे बुलाना. पुलिस नहीं आएगी, मेरी जबान है."

खरी गोम अशी, की हा शब्द कंपनीने दिलेलाच नव्हता. तो हिंदुरावने आपल्या पदरचा दिला होता, आणि आजवर तो निभला तो तुटलेल्या तारा किरकोळ होत्या म्हणून.

आज मोठी केबल गेली होती. अर्ध्या शहराचं इंटरनेट बसलं होतं. खड्ड्याच्या काठावर इरशाद उभा होता. मेवातकडचा किरकोळ अंगाचा पोरगा, मालकाच्या मशीनवर रोजाने राबणारा. खाली केबल सांधणारे जोडारी कामाला लागले होते. खड्डा उघडा असल्याने त्यांना शोधाशोध करावी लागली नव्हती.

"पहले फोन क्यों नहीं किया?" हिंदुराव खेकसला. त्याला मनापासून राग आला होता.

"लगा केबल सड़क के उस पार है," इरशाद मान खाली घालून म्हणाला. "गलती हो गई, चाचा."

कंपनीचा इंजिनिअर अविनाश गाडीतून उतरला. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला मराठी मुलगा. त्याने हिंदुरावला बाजूला घेतलं.

"काका, वरून ऑर्डर आहे. पोलीस कंप्लेंट करायची, मशीन जप्त. मी काही करू नाही शकत."

"साहेब, त्यो पळाला न्हाई. माती टाकून गेला असता तर कुठं हुडकत बसलो असतो आपण?"

"अच्छा, पण खोदण्याआधी विचारलं होतं का त्याने?"

हिंदुरावने इरशादकडे पाहिलं. आधीचा फोन त्याने केला नव्हता, हे खरंच. पण नंतरचा केला होता, आणि अवघड असतो तो नंतरचा. आज याला पोलिसांच्या हवाली केलं, तर या रस्त्यावर पुन्हा कुणी खड्ड्याकाठी थांबणार नाही. शिवाय जबान दिली होती. ती परत कशी घेतात, हे हिंदुरावला ठाऊक नव्हतं.

"इचारलं व्हतं," तो म्हणाला. "मीच सांगितलं, खोद म्हणून. माझी चूक."

अविनाशने हात पुढे केला. "फोन दाखवा, काका. त्यात कॉल असेल ना."

हिंदुरावचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. अविनाश त्याच्या अर्ध्या दाढीकडे बघत राहिला. गालावर वाळलेला साबण होता. मग त्याने हात मागे घेतला.

"नोकरी जाईल तुमची. एकदा सोचा ना, बिल्कुल शांतपणे."

"सोचलं, साहेब."

सगळं बोलणं मराठीत झालं. इरशादला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. तो भेदरून जवळ आला. "क्या बोले साहब?"

"बोले, नाला पूरा कर. इधर की जगह छोड़ के," हिंदुराव म्हणाला आणि मोपेडकडे वळला. डिकीतला रंगाचा डबा आता कशाला लागणार, हे मनात आलं आणि त्याला गलबलून आलं.

नोकरी गेली. नंबर मात्र ठिकठिकाणच्या मशीनांच्या दारांवर तसाच राहिला आणि फोन येतच राहिले.

"आवो, नंबर तेवढा बदला," त्याची बायको शेवंता म्हणायची. "ज्यांनी घालवलं त्यांचीच राखण करताय व्हय?"

"बदलतो," तो म्हणायचा.

एका दुपारी तो जेवायला बसला होता. पहिला घास तोंडात गेला आणि फोन वाजला. आवाज अनोळखी होता.

"चाचा, मशीन के दरवाजे पे आपका नंबर लिखा है. यहाँ खोदना है. नीचे कुछ है क्या?"

आपण आता कामावर नाही, हे सांगायला हिंदुरावने तोंड उघडलं. शेवंता भाकरी थापता थापता थांबली होती.

"कहाँ पे है तू?" त्याने विचारलं. ऐकून घेतलं. "पंजा ऊपर रख. मैं आता हूँ."

त्याने हात धुतला आणि खुंटीवरची मोपेडची चावी घेतली. शेवंताने त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि ते चुलीजवळ सरकवून ठेवलं.